मुरमाचं एक तरी कोर्ट राहू द्या: टेनिसची जमीन बदलली की खेळ कसा बदलतो

बेसलाईनवाला | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

सोलापुरातल्या आमच्या क्लबात दोन टेनिस कोर्टं आहेत, दोन्ही मुरमाची. मागच्या बैठकीत दोन्ही काढून तिथे सिंथेटिक, म्हणजे सिमेंट-डांबरावर रंगाचे थर दिलेलं हार्ड कोर्ट, करायचं जवळपास ठरलं. सांगितलेली कारणं खरी आहेत. पाणी लागतं, रोलर ओढायला माणूस मिळत नाही, मोठा पाऊस झाला की चार-चार दिवस जाळी उतरवून ठेवावी लागते. माझं म्हणणं एवढंच, की एक सिंथेटिक करा आणि एक मुरमाचं ठेवा.

हे मी जुन्या आठवणींसाठी म्हणत नाहीये. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. आठवडाभर ती हार्ड कोर्टवर शिकते आणि रविवारी सकाळी माझ्याबरोबर मुरमावर खेळते. पहिले दोन महिने ती दर रविवारी रडवेली होऊन घरी यायची. "बाबा, इथे माझा शॉट लागतच नाही." शॉट लागत होता. हार्डवर ज्या फोरहँडला समोरचा पोचत नव्हता, त्याला मुरमावर मी पन्नाशीच्या गुडघ्यांनी पोचत होतो, कारण टप्पा पडल्यावर चेंडू थांबून येतो. पॉइंट एका फटक्यात संपत नाही हे कळल्यावर तिने कोपऱ्यात टाकणं, मग आखूड टाकणं, मग डोक्यावरून काढणं सुरू केलं. मी शिकवलं नाही, जमिनीने शिकवलं.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मुरमावर चेंडू पडला की खूण उठते. सपाट जोरात मारलेल्या चेंडूची खूण लांबट, बोट ओढल्यासारखी असते. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरत जाणारा चेंडू, वरून खाली येतो, म्हणून त्याची खूण गोलसर आणि खोल. एका रविवारी आम्ही रॅकेट बाजूला ठेवली, कोर्टावर उकिडवे बसलो आणि तिच्या वीस फटक्यांच्या खुणा नुसत्या पाहिल्या. निम्म्याहून जास्त सर्व्हिस लाईनच्या, म्हणजे जाळी आणि मागची रेषा यांच्या मधल्या रेषेच्या, जवळ होत्या. "मी खोल मारतेय असं मला वाटत होतं," ती म्हणाली. हार्ड कोर्टवर हे तिला मी शंभर वेळा सांगून पटलं नसतं.

समितीपुढे पुन्हा विषय मांडायचाय, पण नुसतं "मला वाटतं" म्हणून चालणार नाही. बांधकाम, पाणी, दुखापती, स्पर्धा, ज्याला ज्यातलं कळतं त्याने लिहा. विरोधातलंही लिहा.

---

सातरस्ता | रविवार, रात्री १०.१५

शंभर टक्के अनुमोदन. आमच्या तरुणपणी संध्याकाळी पाच वाजता पाणी मारलं जायचं. तो वास आला की सायकल आपोआप क्लबाकडे वळायची. दोघं रोलर ओढायचे, एक जण ओलं गोणपाट फिरवायचा, आणि शेवटी फक्कीने रेषा मारायचा मान ज्याचा खेळ त्या आठवड्यात चांगला झाला असेल त्याचा.

एक मुद्दा लिहून ठेवा, बैठकीत उपयोगी पडेल. १९८७ सालच्या डेव्हिस कपात, म्हणजे देशादेशांच्या सांघिक स्पर्धेत, आपण सिडनीला गवतावर ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवून अंतिम फेरीत गेलो. रमेश कृष्णन, विजय अमृतराज. सगळा देश खूश होता. फायनल स्वीडनमध्ये. यजमानाला कोर्ट निवडायचा हक्क असतो. त्यांनी गोथेनबर्गच्या बंदिस्त हॉलमध्ये मातीचं कोर्ट घातलं आणि आपण ५-० ने हरलो. स्वीडनचा संघ तगडा होता हे कबूल, पण गवतावर हाताला बसलेला हलका, लवकर घेतलेला फटका मातीवर चालत नाही हे त्या तीन दिवसांत मी पाहिलं. तेव्हापासून कोर्ट म्हणजे नुसता रंग असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

---

पुण्यातलासोलापूरकर | सोमवार, सकाळी ७.०५

काका, आदर ठेवून विरोध करतो.

आज मुलांनी स्पर्धा कुठे खेळायच्या? पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलाचा सगळा कारभार हार्ड कोर्टवर. २०१८ ते २०२३ पुण्यात एटीपीची, म्हणजे व्यावसायिक पुरुषांची, स्पर्धा झाली तीही हार्डवरच. ग्रँड स्लॅम म्हणजे सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा, त्यांतल्या दोन, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन, हार्डवर. मग मुलीला आठवड्यातला एक दिवस अशा जमिनीवर का घालवायला लावायचा, जी तिला पुढे क्वचितच भेटणार?

दुसरं, "मुरूम" म्हणताना आपण चांगल्या निगराणीतला मुरूम डोळ्यापुढे आणतो. मी ज्या मुरमावर शिकलो तिथे बेसलाईनला, म्हणजे मागच्या रेषेला, खड्डा होता, मध्ये खडा वर आलेला. टप्पा कुठे उठेल याचा भरवसा नाही. त्यामुळे मला चेंडूपासून अर्धा पाऊल मागे सरकायची सवय लागली आणि ती मोडायला पुण्यात दोन वर्षं गेली. खराब मातीपेक्षा साधं सिमेंटचं कोर्ट बरं. तिथे निदान चेंडू जसा जातो तसाच येतो.

---

बेसलाईनवाला | सोमवार, दुपारी १.२०

तुमचा दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. खड्डे असलेलं कोर्ट राखून उपयोग नाही, राखायचं तर नीट राखायचं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबू. "हार्ड कोर्ट" ही एक जमीन नाहीच. सिमेंट किंवा डांबराच्या पायावर ॲक्रिलिक रंगाचे थर देतात आणि त्या रंगात बारीक सिलिका वाळू मिसळतात. वाळू भरड आणि जास्त असली की चेंडू घासला जातो, कोर्ट संथ होतं. वाळू बारीक किंवा कमी असली की कोर्ट वेगवान. आणि वाळू वर्षानुवर्षं बुटांखाली झिजते, म्हणून जुनं हार्ड कोर्ट गुळगुळीत होऊन पळायला लागतं. मुलगी शिकते ते कोर्ट बेसलाईनपाशी चकाकतं. तिथला तिचा "भारी" फोरहँड निम्मा झिजलेल्या रंगाचा आहे.

हा वेग मोजायची पद्धत ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टाला आकडा देतो: २९ पर्यंत संथ, ३० ते ३४ मध्यम-संथ, ३५ ते ३९ मध्यम, ४० ते ४४ मध्यम-वेगवान, ४५ च्या पुढे वेगवान. आकडा दोन गोष्टींवरून निघतो. चेंडू जमिनीवर किती घासला जातो, आणि टप्प्यानंतर किती उसळतो. घर्षण जास्त म्हणजे पुढचा वेग कमी. उसळी जास्त म्हणजे समोरच्याला वेळ जास्त. मातीवर दोन्ही एकदम होतं. चेंडू जमिनीला टेकतो त्या क्षणी पुढ्यात मोकळ्या मातीचा बारीक ढीग करतो आणि त्या ढिगावरूनच वर चढतो. म्हणून चेंडू थांबतो आणि खांद्यापर्यंत उठतो. गवतावर घर्षण कमी, चेंडू सरकतो, गुडघ्याखाली राहतो.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खेळपट्टी पाहिल्याशिवाय आपण संघ निवडतो का?

हीच गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते ती अमेरिकन ओपनमध्ये. १९७४ पर्यंत ती गवतावर होती, १९७५ ते ७७ हिरवट मातीवर, आणि १९७८ पासून हार्डवर. जिमी कॉनर्स १९७४ ला गवतावर जिंकला, १९७६ ला मातीवर, १९७८ ला हार्डवर. एकच स्पर्धा, तीन जमिनी, तिन्हींवर विजेता. उलट पीट सॅम्प्रस पाहा. चौदा ग्रँड स्लॅम, त्यांत सात विम्बल्डन, पण पॅरिसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, माती त्याला एकदाही लाभली नाही. आणि नदाल पॅरिसला चौदा वेळा जिंकला, तिथे ११२ सामने जिंकून फक्त चार हरला. हे नुसत्या मनगटाच्या ताकदीने होत नाही. डावखुऱ्या टॉपस्पिनचा चेंडू मातीवरून उठून समोरच्याच्या बॅकहँडला खांद्याच्या वर येतो, हे त्यातलं अर्धं गणित आहे.

स्पर्धा हार्डवर आहेत म्हणूनच मुलांना दुसरीही जमीन हवी, असं मला मनापासून वाटतं.

---

जुळेसोलापूरकर | सोमवार, रात्री ८.५०

सगळं बरोबर हाय तुमचं, पण पाण्याचं काय करायलात? आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसानं पाणी यायलंय. बायका रात्री दोनला उठून हंडे भरायलेत. आन् तुमी कोर्टावर पाणी मारायलात हे बाहेर कळलं की लोकं काय मनतील? उजनी धरण भरलं तरी आपल्या नळाला रोज पाणी नाही, हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको.

मला टेनिसमधलं कळत नाही, पोराला घेऊन येतो मनून धागा वाचायलोय. पण ह्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढचं बोला.

---

काळीमाती | सोमवार, रात्री ११.१०

मी बांधकामातला माणूस. पाण्यावर दुसरे लिहितील, मी जमिनीवर लिहितो, कारण या धाग्यावर सिंथेटिक म्हणजे "एकदा केलं की सुटलो" असं गृहीत धरलेलं दिसतंय आणि ते सोलापुरात तरी खरं नाही.

आपल्या शहराखाली आणि आजूबाजूला काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये सुकून आक्रसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात त्या यामुळेच. अशा जमिनीवर कोर्ट घातलं तर पहिल्या पावसाळ्यात कडा उचलतात आणि पहिल्या उन्हाळ्यात रंगाखालून रेघ धावते. ती रेघ रंगाने झाकता येते, बंद होत नाही. टप्पा त्या रेघेवर पडला की काय होतं ते तुम्ही खेळाडू माझ्यापेक्षा जास्त जाणता.

उपाय आहे आणि तो जुनाच आहे. काळी माती पूर्ण उचलायची, खाली घट्ट थर लागेपर्यंत. मग मुरमाचा भराव, एकदम नाही, थराथराने. प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थरावर रोलर. त्यावर खडी, मग डांबर किंवा काँक्रीट. काँक्रीट असेल तर रंग लावण्याआधी २८ दिवस पूर्ण मुरू द्यायचं. इथे घाई केलेली मी पाहिलीय, पुढच्याच वर्षी रंगाला फोड आले. कोर्टाच्या चारही बाजूंनी चर काढून पावसाचं पाणी लांब न्यायचं, म्हणजे कडेची माती फुगणार नाही.

उताराबद्दल: शंभर फुटांना साधारण एक फूट, आणि तो एकाच दिशेने, शक्यतो एका बाजूच्या रेषेकडून दुसऱ्या बाजूकडे. जाळीपासून दोन्हीकडे उतार दिलेली कोर्टं मी पाहिलीत, तसं करू नका. काम ताब्यात घेण्याआधी कोर्टावर पाणी सोडा, ऊन पडल्यावर तासाभराने फिरून या. जिथे नाणं बुडेल एवढं पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूने गोल करा आणि ठेकेदाराला दाखवा. पैसे द्यायच्या आधी, नंतर नाही.

आता तुमच्या मुरमाच्या कोर्टाबद्दल. आपला मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगडच. पॅरिसचं लाल कोर्ट वेगळं, तिथे वरचा थर विटांच्या भुकटीचा आणि तोही जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याखाली चुनखडीचा चुरा, मग कोळशाची राख, मग खडी. खेळ वरच्या दोन मिलिमीटरवर होतो पण पाणी धरणं आणि सोडणं खालचे थर करतात. तुमच्या कोर्टावर इतकी वर्षं रोलर फिरलाय, म्हणजे खालचा मुरूम दगडासारखा बसलाय. तो उखडून फेकणं हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं. सिंथेटिक करायचं असेल तर त्याच मुरमाचा पाया वापरा. आणि एक ठेवणार असाल तर वर चाळलेल्या मुरमात सुर्की, म्हणजे विटांची भुकटी, मिसळून पातळ थर द्या, पुण्यातलासोलापूरकर म्हणतात ते खडे वर येणार नाहीत.

---

बेसलाईनवाला | मंगळवार, सकाळी ६.३०

काळीमाती, तुमचा प्रतिसाद छापून बैठकीत नेतो.

जुळेसोलापूरकर, तुमचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. रात्री बसून हिशोब केला. दुहेरीच्या रेषांसकट कोर्ट २३.७७ मीटर लांब, १०.९७ मीटर रुंद, म्हणजे सुमारे २६१ चौरस मीटर. मागची-बाजूची पळायची जागा धरून ३६.५७ बाय १८.२९, म्हणजे सुमारे ६७० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे सगळ्या जागेवर एक मिलिमीटर मारायचं तर ६७० लिटर, दोन मिलिमीटर म्हणजे १,३४० लिटर. दोन्ही कोर्टांवर रोज मारत होतो हे आज आकड्यांत पाहून मलाच वाईट वाटलं.

नळाचं पाणी कोर्टावर मारायचं नाही, ही अट मी स्वतःच बैठकीत मांडणार आहे. क्लबाच्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातून रोज टाकाऊ पाणी थेट गटारात जातं. ते क्षारयुक्त असतं, झाडांना चालत नाही, मुरमाला चालतं. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत घेता येईल. आणि एकच कोर्ट राहिलं तर गरज निम्मी होईल. सकाळी मारण्याऐवजी संध्याकाळी मारलं तर उन्हात उडून जाणार नाही. तेवढ्यात भागलं नाही तर मे महिन्यात मुरमाचं कोर्ट बंद ठेवू. मला ते चालेल.

---

जुळेसोलापूरकर | मंगळवार, सकाळी ८.००

मग चालतंय. नळाचं नको एवढंच मनणं होतं.

---

डावखुरी | मंगळवार, दुपारी ४.४५

विद्यापीठाकडून खेळले, आता लहान मुलांना शिकवते. दादा, तुम्ही मुलीच्या खेळाबद्दल लिहिलंत, मी तिच्या पायांबद्दल लिहिते.

हार्ड कोर्टवर पाय जिथे पडतो तिथे अडकतो. पळत येऊन थांबायचं म्हणजे सगळा धक्का घोटा, गुडघा, कंबर यांनी घ्यायचा. वाढत्या वयाच्या मुलींमध्ये टाच आणि गुडघ्याच्या तक्रारी मी सारख्या पाहते. मातीवर पाय घसरतो, धक्का लांबत जातो, शरीर हळूहळू थांबतं. पण हे घसरणं शिकावं लागतं. मुलं चेंडू मारून झाल्यावर घसरतात, ते चूक. आधी घसरायचं, पुढच्या पायावर वजन ठेवून, आणि पाय थांबता थांबता फटका. घसरणं फटक्याच्या आत आलं पाहिजे. माझ्याकडच्या एका मुलीला हे जमायला सहा आठवडे लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी ती खेळ सोडून नुसती या रेषेपासून त्या रेषेपर्यंत घसरत बसली. मी अडवलं नाही.

हे शिकलेलं पुढे हार्डवरही उपयोगी पडतं. जोकोविच हार्ड कोर्टवर घसरून चेंडू काढतो. लहान मुलांना मात्र ते थेट हार्डवर करू देऊ नका, घोटा वळतो.

बुटांकडे लक्ष द्या. मातीच्या बुटाच्या तळाला माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी असते, तळभर एकसारखी. ती माती धरते आणि सोडतेही. हार्डच्या बुटाचा तळ जाड आणि टणक, लवकर झिजू नये म्हणून. गवताच्या बुटाला तळाशी बारीक रबरी टिकल्या. सोलापुरातली बहुतेक मुलं धावण्याचे बूट घालून टेनिस खेळतात. तेवढं थांबवा, कोर्ट कुठलंही असो. धावण्याच्या बुटाला बाजूचा आधार नसतो.

आणि ऊन. एप्रिलमध्ये दुपारी चारला सिंथेटिक कोर्टवर तळपाय भाजतात, हे समितीतल्या सगळ्यांनी एकदा स्वतः उभं राहून अनुभवावं. ऑस्ट्रेलियन ओपन १९८८ ते २००७ ज्या रबरी थराच्या कोर्टवर व्हायची, ते उन्हात चिकट व्हायचं, खेळाडूंचे पाय अडकायचे. पुढे त्यांनी ते बदललं. आपला उन्हाळा मेलबर्नपेक्षा सौम्य नाही. सिंथेटिक करणार असाल तर फिकट रंग घ्या आणि पश्चिमेला झाडं लावा.

शेवटचं: दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मऊ चेंडू येतात. लाल ७५ टक्के संथ, नारिंगी ५०, हिरवा २५. हार्डवर पूर्ण वेगाचा पिवळा चेंडू आठ वर्षांच्या मुलाला देणं म्हणजे त्याला पळवून लावणं आहे. मुरमावर तोच पिवळा थोडा आधी देता येतो.

---

होटगीरोड | मंगळवार, रात्री ९.३०

मध्येच विचारतो. आता सगळीकडे फुटबॉल-क्रिकेटचे टर्फ झालेत. त्याच हिरव्या गालिच्यावर टेनिसची जाळी लावली तर विम्बल्डनसारखं होईल ना?

---

पुण्यातलासोलापूरकर | मंगळवार, रात्री १०.००

नाही होणार. फुटबॉलच्या टर्फचे धागे लांब, टप्पा मरतो. टेनिससाठी वेगळं कृत्रिम गवत असतं, आखूड धागे आणि त्यांत वाळू भरलेली. त्यावर चेंडू खाली राहतो.

आणि विम्बल्डनचं गवतही पूर्वीचं राहिलेलं नाही. २००१ पासून तिथे शंभर टक्के राय गवत लावतात, ८ मिलिमीटर उंचीवर कापतात. आधी त्यात ३० टक्के दुसरं, नाजूक गवत असायचं. नव्या गवताने जमीन कडक राहते, चेंडू जास्त नीट उठतो. २००१ ची फायनल इव्हानिसेविच सर्व्ह करून जाळीकडे धावत जिंकला, आणि पुढच्याच वर्षीची ह्युईट आणि नालबँडियान यांनी बेसलाईनवर उभं राहून खेळली. गवत हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण कारण होतं.

डावखुरीताईंचा पायांबद्दलचा प्रतिसाद वाचून माझा विरोध बराच सैल झालाय. माझा स्वतःचा गुडघा पस्तिशीतच बोलायला लागलाय आणि मी पंधरा वर्षं फक्त हार्डवर खेळलो.

---

सातरस्ता | बुधवार, सकाळी ६.५०

दोन जमिनींचा विषय निघालाच आहे तर २००७ सालची एक मॅच आठवते. स्पेनमध्ये पाल्मा इथे एकाच कोर्टाची अर्धी बाजू गवताची, अर्धी मातीची. एकीकडे फेडरर, एकीकडे नदाल. बाजू बदलली की बूट बदलायचे. नदाल ७-५, ४-६, ७-६ असा जिंकला, शेवटचा टायब्रेक १२-१०. त्या वेळी एक मातीवर अजिंक्य आणि दुसरा गवतावर, आणि अर्ध्या-अर्ध्या जमिनीवर दोघांत दोन गुणांचाच फरक. जमीन किती देते आणि किती काढून घेते, हे यापेक्षा चांगलं मी कुठे पाहिलं नाही.

आणि ५-० चं दुःख सांगितलं, तर हेही सांगितलं पाहिजे. १९९३ साली आपण फ्रान्सला त्यांच्या घरात, फ्रेजुसला, मातीवर हरवलं. लिअँडर पेस आणि रमेश कृष्णन. १९९७ साली महेश भूपती ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय झाला, जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरीत, तोही पॅरिसच्या मातीवर. १९९९ ला पेस-भूपती एकाच मोसमात आधी पॅरिस आणि मग विम्बल्डन जिंकले. माती आपल्या पोरांना जमत नाही असं कुणी बैठकीत म्हणालं तर ही तीन सालं त्यांच्यापुढे ठेवा.

---

काळीमाती | बुधवार, दुपारी १२.२०

एक राहिलं. सोलापूरची हवा कोरडी. कोरडा, तापलेला मुरूम तुम्हाला वाटतो तितका संथ नसतो. वरचा थर सुटा होतो, वाऱ्याने उडतो, खालचा टणक भाग उघडा पडतो, आणि त्यावर चेंडू पळतो. गोणपाट रोज फिरवा, खेळ संपल्यावर, बाहेरून आत गोल गोल. कडेला साचलेली माती मध्ये आली पाहिजे.

---

बेसलाईनवाला | रविवार, रात्री ८.३०

बैठक झाली.

मी तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. पाण्याच्या हिशोबाला सगळे गप्प बसले. काळीमातींचा उतार आणि नाण्याचा मुद्दा लगेच मान्य झाला. पूर्वेकडचं कोर्ट सिंथेटिक होईल, फिकट रंगाचं, आहे त्याच मुरमावर पाया धरून. पश्चिमेकडचं मुरमाचं राहील, एक वर्षासाठी. नळाचं पाणी मारायचं नाही अशी नोंद इतिवृत्तात झाली. निगराणीला क्लब माणूस देणार नाही, ती खेळणाऱ्यांनी करायची. ही अट मी सही करून घेतली.

आज सकाळी मुलगी आणि मी पश्चिमेच्या कोर्टावर गेलो. कोर्टाला आठवडाभर पाणी नव्हतं. काळीमाती म्हणतात तेच दिसलं, चेंडू पळत होता, खूण जेमतेम उठत होती. मग टाकीतलं टाकाऊ पाणी झारीने एका अर्ध्या बाजूवर मारलं, गोणपाट फिरवलं, अर्धा तास थांबलो. कोर्टामागच्या कुंपणाच्या जाळीला मुलीच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधली. मी त्याच जागेवरून तसाच टॉपस्पिन मारत राहिलो. कोरड्या बाजूला चेंडू बहुतेक वेळा सुतळीच्या खाली लागला, ओल्या बाजूला थांबून उठला आणि सुतळीवर किंवा वर लागला. मुलगी मोजत होती. तिने मला न विचारता ओल्या बाजूला उभं राहून सर्व्ह रिसीव्ह करायला घेतलं, दोन पावलं मागे सरकून. मागच्या वर्षी हे तिला सुचलं नसतं.

डावखुरीताई, तिला घसरणं शिकवायला एक-दोन रविवार येऊ शकाल का? बूट मी या आठवड्यात घेतो.

सुर्की विजापूर रोडवरच्या एका वीटभट्टीवाल्याकडे मिळतेय, तुकडे चाळून घ्यावे लागतील. काळीमाती, चाळायची जाळी कुठल्या मापाची ते कळवा. रोलरच्या दांड्याचा एक बोल्ट गेलाय, तो मी बसवतो.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला. रोलर ओढायला चार माणसं लागतील, आम्ही दोघं धरून अजून दोन.

---

जुळेसोलापूरकर | रविवार, रात्री ९.०५

मी आन् माझा पोरगा. सहाला येतो. शेंगाचटणी-भाकरी बांधून आणू का, सगळ्यांना पुरेल एवढी?

---

सातरस्ता | रविवार, रात्री ९.२०

रोलर आता माझ्याच्याने ओढवत नाही. फक्की मी मारतो.